मनाईच्या टेकडीवरचे गुरुवार

किस्से मुद्दाम कुणी साठवत नाही. सिंकखालच्या कपाटात प्लास्टिकच्या पिशव्या साठतात तसे ते साठतात. एक काढायला जावं तर दहा अंगावर येतात. आमच्या गुरुवारांचंही तसंच झालंय. मला लिहिता-वाचता येत नाही, म्हणून मी सांगते आणि कमलताई उतरवून घेतात. शुद्धलेखन त्यांचं, जीभ माझी.

आम्ही तिघी. मी सिंगापुरात क्वीन्सटाउनला सातव्या मजल्यावर राहते, मुलगा मंदार, सून नेहा आणि नात ईरा यांच्याबरोबर. कमलताई पुण्यात मास्तरीण होत्या, आता लेकीकडे काँडोत, म्हणजे बड्या लोकांच्या सोसायटीत असतात. सुमनबाई नागपूरच्या, त्यांचा मुलगा संशोधक आहे, ते हौगांगला. तिघी नातवंडं सांभाळायला आलो आणि तिघींना घराच्या भिंती पाठ झाल्या. म्हणून दर गुरुवारी, पोरं शाळेत गेली की, फोर्ट कॅनिंगच्या टेकडीवर भेटायचं ठरलं. थर्मासमधला चहा, डब्यात काहीतरी, आणि तीन तास कुणाची आई नाही, कुणाची आजी नाही.

पहिल्याच दिवशी कमलताईंनी तिथली पाटी वाचून दाखवली. फार जुन्या काळी या टेकडीवर मलय राजांचा वाडा होता, बागा होत्या. राजाच्या परवानगीशिवाय वर पाऊल टाकायला मनाई, म्हणून नावच मनाईची टेकडी. आणि पहिला राजा म्हणे शिकारीला निघाला होता. हरणामागे पळत पळत एका खडकावर चढला, तिथून त्याला हे बेट दिसलं आणि तो इथलाच झाला.

सुमनबाई म्हणाल्या, "हरणाचं काय झालं मग?"

"ते नाही लिहिलेलं."

"ते कोण लिहिते जी. राजाचंच लिहितात."

मी म्हटलं, "आपली पोरं पॅकेजमागे पळत आली, त्यांचं तरी कोण लिहितंय?"

त्यावर कमलताई म्हणाल्या, "आपण आत्ता कुणाला विचारून वर आलो?" तिघींपैकी एकीनंही घरी सांगितलं नव्हतं.

* * *

टेकडीच्या उतारावर मसाल्याची बाग आहे. कढीपत्ता, हळद, जायफळ, सगळं ओळखीचं. मला पाटी वाचावी लागत नाही, पान चुरगळून वास घेतला की झालं. पण चुरगळायची सोय नव्हती. कमलताई दर चार पावलांवर वर्गात ओरडावं तसं वाचायच्या, "पाने तोडू नयेत. ऐकलंत का अनसूयाबाई, पाने तोडू नयेत."

हरताळकेच्या आधीचा गुरुवार. कमलताई लांब दांड्याची मोठी छत्री घेऊन आल्या. ऊन चांगलं रखरखीत. विचारलं तर म्हणाल्या, "असू द्यावी." त्या दिवशी त्या सारख्या मागे राहात होत्या. वळून बघितलं की छत्रीला टेकून आभाळाकडे बघत उभ्या.

सिंगापूरचा पाऊस काही सांगून येतो का? धाडकन आला. कमलताईंनी सवयीनं छत्री वर धरून उघडली आणि त्यांच्या डोक्यावर, चष्म्यावर, खांद्यांवर आंब्याची, जांभळाची आणि कसली कसली पानं भराभरा कोसळली. हरताळकेची सगळी पत्री.

चार हातांवर बागेतला तमिळ माळी उभा. त्यानं बघितलं, पाठ फिरवली आणि त्या धो धो पावसात पाइप घेऊन झाडांना पाणी घालायला लागला.

सुमनबाईंनी शांतपणे विचारलं, "कमलताई, त्या पाटीवर काय लिहिलंय म्हणत होत्या तुम्ही?"

हे उतरवताना कमलताईंचा हात थांबला होता. मी म्हटलं, लिहा.

* * *

तिथंच दुसऱ्या उतारावर एक जागा आहे. राजाच्या बायकांचा आंघोळीचा झरा होता म्हणे. बाकीच्यांना तिथं फिरकायला बंदी. कमलताई वाचत होत्या आणि सुमनबाई पुढं पुढं जात पाटीपाशी पोचल्या.

"आमच्या आजीच्या गावात विहीर होती," त्या म्हणाल्या. "तिच्यावर पाटी नव्हती. पाटीबिगर समजायचं."

मला माझ्या गावचा पाणवठा आठवला. मी कुठल्या बाजूनं पाणी भरत होते तेही आठवलं. बोलले नाही, पण सुमनबाईंनी माझ्याकडे बघितलं, म्हणजे त्यांना कळलं.

मग त्यांनी गवतात वाकून, चपलेनं चाचपून सगळीकडे शोधलं. "पाणी कुठं आहे जी?"

"आटलं केव्हाच," कमलताई म्हणाल्या.

"घ्या. पाणी गेलं, मनाई तेवढी राहिली." असं म्हणून त्या तिथंच बसल्या, डबा उघडला आणि आम्हाला म्हणाल्या, "या, बसा. इथंच जेवू." तेव्हापासून आमची बसायची जागा तीच.

* * *

आता माझा किस्सा. स्टेशनांची नावं मला वाचता येत नाहीत आणि गाडीत सांगतात ते कळत नाही. म्हणून मी माझी रीत काढली. हिरव्या गाडीला तीन स्टेशनं, तीन वेलदोडे. मग खाली उतरून जांभळी गाडी, तिला तीन स्टेशनं, तीन काळ्या मनुका. गाडीत खायला मनाई, म्हणून एक स्टेशन गेलं की एक दाणा उजव्या मुठीतून डाव्या मुठीत. उजवी मूठ रिकामी झाली की उतरायचं. दीड वर्षात एकदाही चुकले नाही.

त्या गुरुवारी माझा उपास होता. सरकत्या जिन्यावर विचारांच्या नादात मी एक मनुका तोंडात टाकली. झालं. एक स्टेशन आधीच उतरले. बाहेर आले तर नदी, होड्या, सगळं भलतंच. पण मान वर केली तर टेकडी दिसली. मी म्हटलं, टेकडीची पाठ दिसली म्हणून काय झालं, माणूस तेच. मागच्या पायऱ्यांनी चढून मी झऱ्यापाशी जाऊन बसले. थर्मास उघडून वाट बघत होते.

या दोघी स्टेशनवर माझी वाट बघून घाबरल्या. माझा फोन नेहमीसारखा घरी. त्यांनी मंदारला लावला. तांजोंग पगारच्या ऑफिसातून तो टॅक्सीनं आला, गळ्यात ऑफिसचा पट्टा तसाच, शर्ट घामानं चिकटलेला.

"आई, तुला काही झालं असतं तर?"

"मी तर तुझ्या आधी पोचले."

"हा जोक नाहीये." त्यानं माझ्या बटव्यातून रेल्वेचं कार्ड काढून खिशात घातलं. "आजपासून एकटीनं जायचं नाही. शनिवारी-रविवारी आम्ही नेऊ."

शनिवारी ईराचं स्विमिंग. रविवारी त्याची झोप. असे तीन आठवडे गेले. सातव्या मजल्यावरून मी खालच्या स्टॉपवर थांबणाऱ्या बस मोजत होते. एवढं सगळं आयुष्य दुसऱ्यांच्या वेळापत्रकात गेलं, आठवड्यातले तीन तास माझे होते, तेही त्याच्या पाकिटात. सुमनबाई फोनवर म्हणायच्या, "टेकडी हलली नाही जी, आहे तिथंच आहे." मला ते ऐकून रडू यायचं, पण मी पोळ्या लाटायची.

* * *

चौथ्या आठवड्यात मंदार म्हणाला, "बरं, एक काम करू. रविवारी तू मला घेऊन जा. मी एक शब्द बोलणार नाही. बरोबर पोचलीस तर कार्ड परत."

मी म्हटलं, "शाळेत गेले नाही, जन्मात परीक्षा दिली नाही. आता पोटच्या पोराला देऊ? तूच दे. तू ने मला. फोन घरी ठेवायचा. पोचलास तर कार्ड तुझ्याकडे, कायमचं. परत नाव काढणार नाही. चुकलास तर माझं."

तो हसला. "आई, सहा वर्षं राहतोय मी इथं."

"मग भीती कसली?"

नेहा स्वयंपाकघरातून आली, त्याच्या हातातला फोन घेतला आणि तांदळाच्या डब्यात ठेवला. "मी साक्षीदार," म्हणाली.

रविवारी आम्ही निघालो, तो, मी आणि ईरा. गाडी बदलली, नावं वाचली, सगळं ऐटीत. मी मूठ उघडली नाही की तोंड उघडलं नाही. स्टेशनवर उतरलो आणि त्याचा हात आपोआप खिशात गेला. खिसा रिकामा. त्यानं चारी बाजूंच्या बाणांकडे बघितलं आणि म्हणाला, "इकडून."

इकडून वर गेलो तर मॉल. मॉलमधून सरकत्या जिन्यानं खाली, काळ्या साबुदाण्याचा चहा मिळतो त्या दुकानावरून डावीकडे, काचेच्या दारातून बाहेर, परत आत. पुन्हा ते चहाचं दुकान. त्याची चाल वाढली. ईरानं माझं बोट धरलं. पुन्हा वर, पुन्हा खाली.

"बाबा, सेम शॉप लाह," ईरा इथल्या पोरांसारखं शेवटी 'लाह' लावून म्हणाली.

"मला माहितीये, ईरा."

दुकानातली मुलगी आता आम्हाला ओळखून हसायला लागली होती. मंदार थांबला. रुमाल काढला, मान पुसली.

"आई."

"काय?"

"कुठून?"

मी हात पुढं केला. त्यानं पाकीट काढलं, कार्ड काढलं आणि माझ्या तळहातावर ठेवलं. मग मी पुढं झाले. पाच मिनिटांत टेकडीच्या पायऱ्या.

मी फोन करून बोलावल्याप्रमाणे त्या दोघी वर येऊन बसल्या होत्या. सुमनबाईंनी आम्हाला बघून विचारलं, "इतका उशीर काहून जी?"

मी काही बोलायच्या आत मंदार म्हणाला, "आईला जरा दुकानं दाखवत होतो."

मी चटईवर टेकले, पदरानं तोंड पुसलं आणि म्हटलं, "हो. एकच, पण तीनदा दाखवलं."