शुभेच्छुक : समस्त ग्रामस्थ

त्या प्रकरणाचं नाव निघालं की अजूनही तोंड कडू होतं. नोकरीत खून पाहिले, दरोडे पाहिले, गोदामांतल्या चोऱ्या तर विचारूच नका. त्यातलं बरंचसं विसरलो. हे मात्र विसरता येत नाही, आणि यात रक्ताचा एक थेंबही सांडला नव्हता.

भिवंडी परिसरातल्या एका पोलीस ठाण्याचा मी तेव्हा प्रभारी होतो. ठाण्याच्या मागच्या बाजूला महिला कक्ष होता. नवरा-बायकोची तक्रार आली की गुन्हा नोंदवण्याआधी दोघांना तिथं बसवून समजूत घालायची, हा आमचा शिरस्ता. पण वर्दीसमोर बाई बोलत नाही. विचारलं तर "काय न्हाय, पडले" एवढंच सांगते. म्हणून जवळच्या वडपे गावची एक बाई आमच्याकडे येऊन बसायची. सगळे तिला ताई म्हणायचे, मीही म्हणायचो. नवरा ट्रान्सपोर्टमध्ये ड्रायव्हर, ती गोदामातल्या कामगारांचे डबे करायची. लग्नाआधी बी.ए. झालेली. डबे पोचवले की दुपारी आमच्याकडे हजर.

तिची पद्धत वेगळी होती. येताना पिशवीतून मेथीची जुडी आणायची. तक्रारदार बाई आली की तिला काही विचारायची नाही. अर्धी जुडी तिच्यापुढे सरकवायची आणि म्हणायची, "घे, निवड जरा." दोघी खाली मान घालून मेथी निवडत बसायच्या. जुडी संपता संपता बाई आपणहून बोलायला लागायची. आमच्या हवालदार मॅडम म्हणायच्या, "साहेब, मी जबाब घेते तेव्हा दोन ओळी मिळतात. ताई घेते तेव्हा पानं पुरत नाहीत."

मग वरून आदेश आला. महिला कक्षात यापुढे मानधनावर समुपदेशक नेमायचे, आणि अट अशी की समुपदेशनातली पदव्युत्तर पदवी हवी. अट चुकीची होती असं मी म्हणणार नाही. उद्या कुणीही उठून लोकांच्या संसारात सल्ले देऊ लागला तर चालणार नाही. पण ताईचं काय, हा प्रश्न त्या आदेशात कुठे नव्हता. माझ्या केबिनमध्ये चहा पिता पिता यावर चर्चा झाली. शांतता समितीचे काही सदस्य त्या दिवशी आले होते, तेही बोलले. ताई एवढंच म्हणाली, "खुर्ची माझी हाय. डिग्री पायजे तर घेते डिग्री."

त्यानंतर तिचा शोध सुरू झाला. मुलीचा मोबाइल घेऊन बसायची. मुंबईतल्या कॉलेजात रोज जाणं शक्य नव्हतं, डबे कोण करणार? एक नावाजलेलं विद्यापीठ ऑनलाइन शिकवत होतं, पण फी बघून तिने मोबाइल उलटा ठेवला. दुसरं परवडणारं होतं, त्याची प्रवेशाची मुदत गेली होती. अशात एके दिवशी पूर्णा गावातल्या गोदामांत डबे पोचवताना तिला नाक्यावर बॅनर दिसला. काळा गाऊन, डोक्यावर चौकोनी टोपी, त्याच गावची एक सून. 'एम.ए. धर्मशास्त्र व समुपदेशन पदवी प्राप्त केल्याबद्दल हार्दिक अभिनंदन!' मोठ्या अक्षरांत विद्यापीठाचं नाव, आणि खाली 'शुभेच्छुक : समस्त ग्रामस्थ'.

ताई दुसऱ्या दिवशी आली ती खुशीतच. फी कमी, सगळं घरबसल्या, आणि पूर्ण्याच्या सुनेने केलंय म्हणजे खात्रीचं. मी विचारलं, "अहो, पण धर्मशास्त्र कशाला?"

"साहेब, आमच्याकडची बाई पयली देवाजवळ रडते. मग आईजवळ. तुमच्याकडं येते ती सगळ्यात शेवटी. नवराबी मारतो तो धर्माचं नाव घेऊनच मारतो, बाईचा धर्म हाय म्हणून सोस. मंग त्याला उत्तर द्यायचं तर धर्मात काय लिवलंय ते मना ठावं नको?"

मोठमोठ्या प्रशिक्षणांत मी इतकं नेमकं कारण ऐकलं नव्हतं.

दोन वर्षं ती शिकली. डब्यांची भांडी घासता घासता व्याख्यानं ऐकायची. निबंध लिहायची, मोबाइलवरून पाठवायची. आमच्या हवालदार मॅडमना वाचून दाखवायची. पुढे पूर्ण्याच्याच एका रिकाम्या गोदामात मंडप घालून पदवीदान झालं. दाढीवाले कुलगुरू, गाऊन, फोटो, सगळं यथासांग. चार दिवसांत वडप्याच्या नाक्यावर ताईचा बॅनर लागला. सासूने दृष्ट काढली. ठाण्यात पेढे आले. त्या जागेला तोवर पदवीवालं कुणी मिळालंच नव्हतं, ताई त्या खुर्चीवर रीतसर नेमणुकीने बसली.

सहा-सात महिने गेले, आणि नेमणुकीनंतर पाठवलेल्या पदवीच्या पडताळणीचं उत्तर आलं. सदर विद्यापीठ अस्तित्वात नाही. संबंधित महिलेने बनावट पदवी सादर केल्याने तिच्यावर गुन्हा नोंदवून कारवाई करावी.

ते मी तिला वाचून दाखवलं. मला वाटलं होतं रडेल. ती म्हणाली, "साहेब, मी निबंध लिवले. ते कुणी वाचले मंग? मना चांगले गुण दिले ना कुणीतरी?"

गुन्हा तिच्यावर नोंदवायचा म्हणजे चोर सोडून संन्याशाला फाशी. वरिष्ठांना कळवलं की प्राथमिक चौकशी चालू आहे, आणि खरोखरच चौकशीला लागलो. वेबसाइट परदेशातून घेतलेली, फोन बंद, पत्ता खोटा. ताईने फी भरलेलं खातं एका अशा माणसाच्या नावावर, जो गावी निघून गेला होता आणि ज्याला आपल्या नावाचं खातं आहे हेच ठाऊक नव्हतं.

खबर दिली ती पूर्ण्याच्या गोदामांवरच्या एका सुरक्षारक्षकाने. "साब, वो काले कोटवाला फंक्शन फिर से है. परसों. मंडपवाला आके नाप ले गया." आम्ही साध्या कपड्यांत गेलो. हवालदार मॅडम पदवी घेणाऱ्या एका बाईची बहीण म्हणून बसल्या. कुलगुरू व्यासपीठावर चढले, टाळ्या झाल्या, आणि आम्ही उठलो.

कुलगुरूंची चौकशी ही माझ्या नोकरीतली सगळ्यात हास्यास्पद चौकशी. भारदस्त दाढी, जड आवाज. ठाण्यात आणल्यावर गाऊन काढायला सांगितला तर खाली लूमच्या कामाचा बनियन. "साहब, मैं तो कारखाने में मेहता हूँ," तो हात जोडून सांगू लागला. म्हणजे पॉवरलूमवरचा हिशेबनीस. "बोले, दाढी अच्छी है, खड़े रहना है, कागज देना है, हाथ मिलाना है. दो शिफ्ट का रोज मिलता है." कोण बोललं? ठेकेदाराचा माणूस. ठेकेदाराला कुणी सांगितलं? फोन आला होता. तो फोनही बंद. सगळी भाड्याची माणसं. आमचा तपास तिथंच थांबला, आणि वरून रोज विचारणा, 'त्या महिलेवर गुन्हा दाखल झाला का?'

धागा सापडला तो वडप्याच्या नाक्यावर. सिग्नल नाही, ट्रेलरची रांग लागलेली, जीप अडकलेली. समोर बॅनरच बॅनर. कुणा दादाचा वाढदिवस, कुणा भाऊची निवड. प्रत्येकाच्या तळाशी शुभेच्छुकांच्या चेहऱ्यांची रांग, गॉगलसकट. या मुलखात माणूस दुसऱ्याला शुभेच्छा देतो त्या स्वतःचा फोटो छापण्यासाठी. ही मी थट्टा करत नाही, इतकी वर्षं बंदोबस्त केलाय. फोटो लहान छापला म्हणून डोकी फुटलेली मी पाहिली आहेत. आणि त्या गर्दीत, उन्हाने विटलेला, अजून कुणी न उतरवलेला ताईचा बॅनर. ताई एकटीच. खाली एकही चेहरा नाही.

मी चालकाला म्हटलं, "अरे, फोटोशिवाय शुभेच्छा देणारा गाव तू भिवंडीत कधी पाहिलास?"

तो हसला. "न्हाय साहेब. असा गाव अजून वसायचाय."

गावात विचारत गेलो. ताईला वाटत होतं, दिराने लावला. दिराला वाटत होतं, सरपंचाने. सरपंचाने छाती फुगवून सांगितलं, "आपल्या गावची सून हाय साहेब, आपण नाय करणार तर कोण?" मी म्हटलं, मग छपाईचं बिल दाखवा. तेव्हा सरपंचांना तातडीचं काम आठवलं. पूर्ण्यालाही हाच प्रकार. गावाने लावलेला बॅनर गावातल्या कुणीच लावलेला नव्हता, आणि फुकटचं श्रेय नाकारण्याइतकं मन कुणाचंच मोठं नव्हतं. फसवणाऱ्याने आमची ही खोड बरोबर ओळखली होती. जाहिरात केली असती तर लोकांनी संशय घेतला असता. गावाने केलेल्या कौतुकावर कोण संशय घेतो? एका गावचा बॅनर बघून दुसऱ्या गावची बाई नाव नोंदवत होती.

बॅनरच्या कोपऱ्यात छापणारा आपल्या दुकानाचं नाव टाकतोच. तिथं गेलो. दुकानदार बिचारा निष्पाप. "सरांचीच ऑर्डर असते साहेब. बऱ्याच गावांचे छापले. मी बोललो पण, सर, तुमचा तरी फोटो टाका खाली. तर बोलले, नको रे, मला प्रसिद्धी नको."

कोण सर हे त्याने सांगितलं, आणि हवालदार मॅडमनी माझ्याकडे पाहिलं. शहरात क्लासेस चालवणारे, आमच्या शांतता समितीचे सदस्य. आमच्या शिपायांना तणावमुक्तीवर व्याख्यान देऊन गेलेले. धंदा आधीच थाटलेला, आणि आदेशाची चर्चा झाली त्या दिवशी माझ्याच केबिनमध्ये चहा पीत बसलेले. कुंपणाने शेत खाल्लं होतं, आणि कुंपणाला बिस्किटं आम्हीच खाऊ घातली होती.

क्लासवर छापा घातला, पंचनामा केला, संगणक जप्त केले. व्याख्यानं दुसऱ्यांची चोरलेली. विद्यार्थिनींनी पाठवलेले निबंध एका जागी साठत होते. त्यातला एकही कधी उघडला गेला नव्हता, हे तज्ज्ञाने लेखी दिलं. ताईला हे कळू नये असं मला फार वाटलं. पण दोषारोपपत्रात ते घालणं भाग होतं.

चौकशीत सर घाबरले नाहीत. सराईत गुन्हेगार पहिल्या दिवशी उडवाउडवी करतो, दुसऱ्या दिवशी रडतो. हा माणूस पहिल्या दिवसापासून व्याख्यान देत होता. "साहेब, त्या बाईला काम येत होतं की नव्हतं?"

"येत होतं."

"मग कागद तिला नको होता, तो तुमच्या खात्याला हवा होता. मी तुमची गरज भागवली. तिचं काय नुकसान झालं सांगा."

माझा हात उठला होता, तो मी आवरला. खरं सांगायचं तर त्याला तेव्हा उत्तर देता आलं नाही, याचाच राग जास्त आला.

सर जामिनावर सुटले. खटला चालू आहे. क्लास दुसऱ्या नावाने चालू आहे, गर्दीही आहे. ताईला आरोपी न करता साक्षीदार करायचं एवढं मी पदरात पाडून घेतलं. खुर्ची मात्र गेली. गावात सरपंच म्हणू लागले, "आम्हाला पयल्यापासून डाउट होता."

त्यानंतर ठाण्यात एक माणूस आला. वज्रेश्वरीकडच्या एका खेड्यातला. बायकोला मारणार नाही असं ताईने त्याच्याकडून सगळ्यांसमोर कबूल करून घेतलं होतं, आणि वर्षभर त्याने हात उचलला नव्हता. तो हसत हसत हवालदार मॅडमना म्हणाला, "बाई बोगस निघाली ना तुमची? मंग तिच्यासमोर दिलेला शब्दबी बोगस." त्याला दम देऊन पाठवलं. दमाने जेवढं होतं तेवढंच झालं.

निवृत्त झाल्यावर मी एकदा वडप्याला ताईकडे गेलो. दुपारची वेळ, ती डब्यांची भांडी आवरत होती. माझा चहा व्हायच्या आत दारात एक मुलगी उभी राहिली. ओठ सुजलेला. वज्रेश्वरीकडच्या त्याच माणसाची बायको. "ताई, जरा बसू का?" एवढंच म्हणाली.

ताईने हात पुसले, पण तिला आत बोलावलं नाही. "माझ्याकडं काय येतेस बाय? मना काय येत न्हाय. ठाण्याला जा, तिथं आता शिकलेली मॅडम हाय. मी शिकलेली न्हाय."

मी उठलो, म्हटलं, चल पोरी, मी सोडतो तुला. ती मागे सरकली. "न्हाय काका, पोलिसात नको." आणि निघून गेली. मी चप्पल घालेपर्यंत रिक्षात बसली होती.

तेव्हा मला त्या सरांच्या प्रश्नाचं उत्तर मिळालं. फसवणुकीच्या गुन्ह्यात गेलेला माल आम्ही मुद्देमाल म्हणून लिहितो, सापडला की परत करतो. ताईचं जे गेलं ते लिहायला आमच्याकडे रकानाच नाही. स्वस्तात पदवी शोधणाऱ्यांना मी आता भेटेल तिथं सांगतो की विद्यापीठाची मान्यता आधी स्वतः तपासा, बॅनर बघून जाऊ नका. ते ऐकतात, मान डोलावतात.

ताईकडे जाऊन आल्याच्या दुसऱ्या दिवशी मी हवालदार मॅडमना फोन करून विचारलं, वज्रेश्वरीकडची कुणी मुलगी आली होती का? त्या म्हणाल्या, नाही साहेब, कुणी आलं नाही. आठवड्याने पुन्हा विचारलं. तेव्हाही कुणी आलं नव्हतं.