धाकटीचे उतरलेले कपडे

मोठीचे कपडे धाकटीने घालायचे, ही जगाची रीत. आमच्या घरात उलटंच होतं. माझ्याहून दोन वर्षांनी लहान असलेल्या बहिणीचे कुर्ते आखूड झाले की माझ्या अंगावर यायचे. ती ताडमाड वाढत होती आणि मी नववीत असून सहावीतली दिसायची. दिवाळीत तिचाच जुना ड्रेस घालून फराळाची ताटं नेली की पाहुण्यांपैकी कोणी तरी विचारायचंच, "यातली मोठी कोन्ती?" माझा नुसता जळफळाट व्हायचा.

तिच्याकडे नव्हती अशी एकच गोष्ट माझ्याकडे होती, ती म्हणजे बाबांजवळची जागा. अकोल्यात घराच्या पुढच्या खोलीतच त्यांचं बॅटरी दुरुस्तीचं दुकान होतं. ट्रॅक्टरच्या जुन्या बॅटऱ्या फोडून ते शिसं कढईत वितळवायचे. धुराने धाकटी खोकायची, म्हणून तिला तिथे मनाई. मी मात्र शाळेतून आले की तिथेच. उरलेल्या शिशाची ते मला भातुकलीची भांडी ओतून द्यायचे. हात फडक्याला पुसून आम्ही बापलेक एका ताटात भाकर-ठेचा खायचो. धाकटी दारातून बघत असली की मला घास जास्तच गोड लागायचा.

त्या वर्षी माझं पोट सारखं दुखू लागलं आणि काही केल्या थांबेना, तेव्हा सगळे मिळून अमरावतीला गेलो. राजापेठेतल्या डॉक्टरीणबाईंनी आधी बाबांचा धंदा विचारला, मग माझं रक्त तपासलं आणि गुडघ्याचा एक्स-रे काढला. हाड जिथून वाढतं तिथे पांढरे पट्टे होते. शरीर कॅल्शियम समजून शिसं हाडात साठवतं आणि वाढ मंदावते, असं त्यांनी समजावलं. आता थोडी उंची वाढेल, पण राहिलेली सगळी भरून निघेलच असं नाही, म्हणाल्या. बाबा खाली मान घालून बसले होते. कढई घरातून जाणार, हे तिथेच ठरलं.

परतीच्या एसटीत धाकटी शेजारी बसली आणि मी तिच्यावर खेकसले, "तुयं बरं हाय. तू तर वाचली."

ती रडायलाच लागली. "ताई, बाबा तुलेच जवळ बसू देत. लय राग ये मले तुया. मलेबी आत घ्यावं म्हून मी दारात उभी राहून खोकला दाबून ठेवो."

समोरच्या सीटखाली न मावणारे तिचे लांब पाय मी पाहिले. हेवा वाटलाच. पण ते लांब आहेत म्हणून आयुष्यात पहिल्यांदा मला बरंही वाटलं.