दहा कोटी एकला सतराने भाग जातो

दहा कोटी एक ही मूळ संख्या नाही. तिला सतराने भाग जातो. हे मला आज कळलेले नाही. पंचवीसेक वर्षांपूर्वी, डोंगरकड्याजवळच्या एका शाळेत सातवीला गणित शिकवत असताना, एका संध्याकाळी घरी भागाकार करून मी ते पडताळले होते. सांगितले मात्र कोणालाच नाही.

फळ्यावर मोठी संख्या लिहून पोरांना चकित करायची मला खोड होती. त्या दिवशी दोन, तीन, पाच, सात, अकरा, तेरा एवढ्यांच्या कसोट्या लावल्या आणि 'मूळ' असे लिहून खाली दोन रेघा ओढल्या. खरे तर दहा हजारांपर्यंतच्या सगळ्या मूळ संख्यांनी भाग देऊन पाहायला हवा होता. आम्ही मास्तर तेरावर थांबत असू, कारण पुढच्या कसोट्या कोणालाच पाठ नसत.

तांड्यावरची एक मुलगी उठली. तिला तीसपर्यंतचे पाढे तोंडपाठ होते.

"सर, सतरानं जातंय. बाकी न्हाई उरत."

"मास्तरची मास्तरीण झालीस व्हय? बस खाली."

वर्ग हसला. मी फळा पुसला.

पंधरा दिवसांनी तिचा बाप आला. घरचे सगळे ऊसतोडीला निघणार होते. दारातूनच म्हणाला, "सर, पोरीला डोकं असंल तर मामाकडं ठिवतो, शिकंल. नसंल तर नेतो संगं. तुमी म्हणसाल ते बराबर."

तिला किती डोके आहे, हे त्या शाळेत मला एकट्याला माहीत होते. मी म्हणालो, "बेताचीच आहे. तोंडाळ जास्त."

ती पुन्हा शाळेत दिसली नाही.

निवृत्तीनंतर मी त्या संख्येकडे परत गेलो. सतराने भागल्यावर ५८८२३५३ ही संख्या येते. ती मात्र मूळ आहे. या वेळी साडेतीनशेच्या वर भागाकार करूनच तसे म्हणतो. तिचे ५८८ आणि २३५३ असे दोन तुकडे करा, दोघांचे वर्ग करून मिळवा, पुन्हा तीच संख्या येते. इतकी देखणी गोष्ट, आणि दाखवायला समोर वर्ग नाही.

गेल्या महिन्यात तांड्यावर तिच्या घरी गेलो. ती अंगणात हळद निवडत होती. तिने मला ओळखले, बाज टाकली, चहाचे विचारले.

"तू बरोबर होतीस," मी म्हणालो.

"मला तवाच म्हाईत व्हतं, सर."

"मग पुन्हा बोलली का नाहीस?"

"तुमीच तर बस म्हणले!" ती हसली.

मग बापाला काय सांगितले होते, तेही मी सांगितले. तिचे हात थांबले.

"बा तर म्हणला, पोरीला शिकवून काय करायचं. तुमचं नावबी काढलं न्हाई त्यानं." तिने सूप बाजूला ठेवले. "मी त्याच्याशी धड बोलले न्हाई, सर. शेवटपतुर. आन् तुमी आता सांगून राहिले?"

बाप जाऊन तीन वर्षे झाली होती.

मी उठलो. चहाचे तिने पुन्हा विचारले नाही.