डॉक्टरांचं पासिंग

"टोचा ना बाई, सुई टोचा! एक नही, धा टोचा! पैसा मी देस ना!"

माझे मोठे साडू शहाद्याच्या जनावरांच्या दवाखान्यात ओरडत होते. साडूंचा आवाज ही काही साधी गोष्ट नाही. ते आपल्या गावी, ब्राह्मणपुरीत, शिंकले की कळसाडीतली कापसाची बोंडं मुदतीआधी फुटतात, असं त्या पट्ट्यात मानतात. मी प्रत्यक्ष पाहिलेलं नाही, पण वेचणी लांबली की बाया त्यांना तपकीर आणून देतात, हे पाहिलं आहे. तेव्हा त्या ओरडण्याने कपाटातल्या बाटल्या थरथरल्या, बाहेर बांधलेली एक म्हैस दावं तोडून बसस्टँडच्या दिशेने निघाली आणि रांगेतली एक शेळी, जी आजारी म्हणून आणली होती, ती आपण बरी असल्याचं दाखवू लागली. टेबलावर साडूंचा म्हातारा कुत्रा तेवढा डोळे मिटून पडून होता. पलीकडे तरुण डॉक्टरीण बाई उभी होती.

मला घाम फुटला तो आवाजाने नाही. नको ती सुई, नको ते औषध दिलं म्हणून ज्या माणसाने तालुक्यातले डॉक्टर एकामागून एक नापास केले होते, तोच आज सुईसाठी गयावया करत होता. ही उलटी गंगा कळायची तर आधी साडू कळायला हवेत.

या विश्वात आजवर दोघांचीच वेळ चुकलेली नाही, एक सूर्य आणि दुसरे माझे साडू. आणि त्यातही सूर्याला ग्रहण लागतं. बायकोच्या मोठ्या बहिणीचा हा नवरा. सारी उमर एसटीचा ड्रायव्हर. धडगावच्या घाटात ते बस अशी चालवायचे, की बाळंतिणी मुद्दाम त्यांचीच गाडी धरायच्या, कारण घरच्या पाळण्यापेक्षा तिथे पोर लवकर झोपायचं. निवृत्त झाल्यावर त्यांनी एक जुनी जीप घेतली आणि त्याच घाटात सवाऱ्या नेऊ लागले. घाट मला सोडत नाही, असं ते म्हणत. ताई, म्हणजे माझी मेव्हणी, म्हणे की घरात बसले असते तर मीच त्यांना घाटात सोडून आले असते.

कुत्रा त्यांना या घाटानेच दिला. एसटीत असतानाची गोष्ट. रेडिएटर तापला म्हणून वळणावर बस उभी होती, तेवढ्यात एक पिल्लू पायरी चढून वर आलं आणि थेट कंडक्टरच्या सीटवर बसलं. कंडक्टर म्हणाला, हे कुणाचं? साडूंनी मागे न पाहता हाफ तिकीट काढलं. पिल्लू त्या सीटवरून उठेना, म्हणून त्याचं नाव कंडक्टर पडलं. खऱ्या कंडक्टरने या नावाबद्दल डेपोत तक्रार केली, पण कुत्रा कामाला पक्का निघाला. एसटीत एक बेल म्हणजे थांबा आणि दोन म्हणजे निघा. हा एकदा भुंकला की थांबायचं, दोनदा भुंकला की निघायचं. एकदा सिसा नाल्याजवळ हा एकदाच भुंकला. साडूंनी ब्रेक मारला, आणि पुढच्या वळणावर दरड खाली आली. दरड केवढी होती ते साडूंच्या सांगण्यात दर वर्षी बदलत गेलं. आता ती सातपुड्याच्या निम्म्याएवढी झाली आहे.

जीप आल्यावर पुढची डावी सीट कंडक्टरची ठरली. कुणी तिथे बसायला गेलं की साडू हात आडवा धरत. "हाई सीट कंडक्टरनी शे. बसनं व्हई तं त्याले मांडीवर ल्या." माणूस कुत्र्याला मांडीवर घेऊन बसे आणि वर पूर्ण भाडं देई. ते भाडं साडू स्वतःच्या खिशात घालत नसत. ते वेगळ्या डब्यात जाई, आणि लस, जंताची गोळी, गोचिडांचं औषध असा कंडक्टरचा सगळा संसार त्याच्यातून चाले. "तो आपली कमाई खास," म्हणजे स्वतःचं कमावलेलं खातो, असं साडू अभिमानाने सांगत. आणि हे खोटं नव्हतं. जिल्ह्यात स्वतःच्या कमाईवर दवाखाना करणारं तेवढं एकच जनावर मी पाहिलं. त्या डब्याला साडूंनी स्वतःसाठी कधी हात लावला नाही. त्यांची एक दाढ किडली होती आणि गाल पपईएवढा सुजायचा, तेव्हा ते लवंग चावत गाडी चालवायचे. ताई म्हणायची, त्या डब्यातून दाढ काढून घ्या. त्यावर ते विचारत, दाढ कंडक्टरची आहे का?

पण डब्यातला पैसा कुणाच्या हातात द्यायचा, हा प्रश्न त्यांनी असा सोडवला, की मुली बघायला जाणाऱ्यांनीही धडा घ्यावा. आपण काय करतो? जनावर आजारी पडलं की घाबरून जवळचा डॉक्टर गाठतो, आणि तो जे म्हणेल ते देऊन मोकळे होतो. साडूंचं म्हणणं उलट. "नवी गाडी बी पासिंगशिवाय रस्तावर येत नही. मंग डॉक्टर कसा काय येस?" डॉक्टरचं पासिंग जनावर आजारी पडायच्या आधी करायचं. म्हणून त्यांनी धडधाकट कुत्रा डॉक्टरांपुढे नेण्याची पद्धत काढली.

सकाळी कंडक्टरला दूध-भाकरी पोटभर खाऊ घालायची, घराभोवती दोन फेऱ्या पळवायचं, आणि मग दवाखान्यात जाऊन जवळच्या नात्यातलं कुणी गेल्यासारखा चेहरा करून म्हणायचं, "काही खात नही, साहेब." मी एकदा बरोबर होतो. तो चेहरा पाहून मलाच रडू आलं.

पहिला डॉक्टर बाजारपेठेतला. काचेचं दार, फिरती खुर्ची, भिंतीवर गुबगुबीत परदेशी कुत्र्यांची चित्रं. त्याने कंडक्टरच्या पोटावर बोट ठेवलं, मान हलवली, लिव्हर सुजलंय म्हणाला आणि तीन सुया टोचल्या. वर एक पावडर आणि टॉनिकची मोठी बाटली. साडूंनी पैसे दिले, दारात वळले आणि रस्त्यापलीकडच्या चहावाल्यालाही ऐकू जाईल असं म्हणाले, "फेल." टॉनिक त्यांनी घरी नेऊन स्वतः पिऊन टाकलं. "पैसा दिधा शे, कोन्हीतरी पेवाले पायजे." ताई शपथेवर सांगते की त्या महिन्यात त्यांची एक भाकरी वाढली. तेव्हापासून त्या डॉक्टरचं नाव घाटात पडलं तीन सुयावाला. जीपमध्ये कुणी शेळी-कोंबडं घेऊन चढलं की साडू आधी त्याला बजावत, कुठेही जा, तीन सुयावाल्याकडे जाऊ नको. घाटावरून त्याच्याकडे जाणारी वाट साडूंनी एकट्याने बंद केली होती.

दुसऱ्याने सुई टोचली नाही, पण भाकरी बंद करून पाकिटातलं खाणं लिहून दिलं. साडूंनी पाकीट उलटून भाव वाचला, पुन्हा वाचला आणि म्हणाले, "ह्या भावमा तं मन्हं बठं घर जेवस." फेल. तिसऱ्याने मोबाइलवरून मान वर न करता औषध सांगितलं. "बोनेट न उघाडता इंजिन समजस याले," एवढं बोलून साडूंनी कुत्रा उचलला.

मग ही बाई. धडगावच्या डोंगरातल्या पाड्यावरची पावरा मुलगी, शिकून शहाद्यात नुकता दवाखाना टाकलेला. साडूंनी तोच चेहरा केला, तेच वाक्य टाकलं. तिने कंडक्टरशी घरच्या पावरी बोलीत काहीतरी बोलणं सुरू केलं. कुत्र्याने कान टवकारले, शेपूट हलवली आणि पोट वर करून आडवा झाला. "मूळ धडगावना शे तो, मराठी मांगून शिकना," साडू हळूच मला म्हणाले. तिने हिरड्या पाहिल्या, पोट चाचपलं, छाती ऐकली. ती स्टेथोस्कोप काढून ठेवेपर्यंत कंडक्टरने खाली उतरून खुर्चीवरच्या तिच्या डब्यातली पोळी संपवली होती.

"काका, कुत्रा ठणठणीत आहे. काही टोचायचं नाही. घरी घेऊन जा."

"पन बाई, इतला दूरतून ऊनू. काहीतरी द्या."

"तुमचं पेट्रोल जळलं म्हणून मी त्याला औषध देऊ का? तुमचा गाल सुजलाय, तुम्ही मात्र कुणाला तरी दाखवा."

"मी जुनं मॉडेल शे. माले पासिंग लागत नही," साडू म्हणाले, आणि मग उठून, शाळेत निकाल वाचतात तशा आवाजात, "पास."

तिला काहीच कळलं नाही. पुढच्या वर्षी त्याच सुमाराला साडू पुन्हा तोच चेहरा घेऊन गेले, कारण पासिंग एकदा करून भागत नाही. तिसऱ्या खेपेपासून ती दारातूनच विचारू लागली, "काका, पासिंगला आलात ना?" आणि कुत्र्याच्या वाट्याची पोळी आधीच बाजूला काढून ठेवू लागली. दर वर्षी तेच वाक्य, काही टोचायचं नाही, घरी घेऊन जा. आणि दर वर्षी साडू मिरवणुकीतून आल्यासारखे घरी येत. त्यांच्या शिफारशीवर अख्खा घाट तिच्याकडे लोटला. माझ्या मांजरीपासून कुणाच्या तरी बैलजोडीपर्यंत सगळे. साडू ज्याला त्याला सांगत, "ती लेक खोटी सुई टोचत नही."

आणि आता त्याच टेबलावर कंडक्टर पडला होता. या खेपेला चेहरा करावा लागला नव्हता. मूत्रपिंडं निकामी झाली होती. बाईने जमेल ते सगळं केलं होतं. सलाइन लावून पाहिलं, औषधं बदलली, दोन-तीनदा तर जीप अडली तेव्हा स्वतः ब्राह्मणपुरीला येऊन गेली. त्या दिवशी तिने हिरड्या पाहिल्या, पोट चाचपलं, छाती ऐकली. बराच वेळ ऐकली. मग स्टेथोस्कोप काढून म्हणाली,

"काका, आता काही टोचायचं नाही. घरी घेऊन जा."

तेच वाक्य. इतकी वर्षं ते ऐकायला साडू नवा सदरा घालून येत. आज ते ऐकून ओरडले. धा टोचा म्हणाले, डबा पुढे केला, डब्यात कमी पडले तर "मी जीप इकी टाकसू" म्हणाले. बाई टेबलाला वळसा घालून आली आणि त्यांच्या शेजारी उभी राहिली.

"टोचता येईल, काका. पण ती सुई तुमच्यासाठी असेल. दुखेल मात्र त्याला."

साडूंनी कुत्र्याला उचललं. बाहेर येऊन मला म्हणाले, "चाल पाव्हना. तीन सुयावालाकडे."

मी पन्नास कारणं सांगितली. गेली कित्येक वर्षं आपण त्याच्या धंद्याला शिव्या देत आलो, याची आठवण दिली. ते ऐकत नव्हते. मला एवढंच दिसत होतं की हा माणूस आयुष्यात पहिल्यांदा फसवून घ्यायला निघाला आहे, रोख पैसे देऊन, समजून उमजून.

काचेच्या दाराबाहेर मला जीपपाशी उभं करून ते कंडक्टरला घेऊन आत गेले. मी काचेतून पाहत होतो. डॉक्टरने साडूंना ओळखलं, ते त्याच्या ताठ झालेल्या मानेवरून कळलं. त्याला दारातला तो "फेल" आठवला असणार, आणि घाटाकडून बंद झालेली गिऱ्हाइकंही. त्याने कुत्र्याच्या पोटावर बोट ठेवलं. साडूंनी डबा टेबलावर ठेवला. डॉक्टरने सुई काढली, बाटलीत खुपसली, भरली. मी मान वळवणार होतो.

पण सुई हवेतच राहिली. डॉक्टर कुत्र्याकडे पाहत राहिला, मग साडूंकडे. त्याने सुई खाली ठेवली. भरलेली, तशीच, ट्रेमध्ये. फिरती खुर्ची ओढून साडूंच्या समोर बसला आणि काहीतरी बोलू लागला. ते मला ऐकू आलं नाही, आणि गंमत अशी की साडूंचंही ऐकू आलं नाही. ब्राह्मणपुरीचा तो आवाज काचेच्या एका दारापलीकडे येऊ शकला नाही. डॉक्टरने डबा उचलला आणि साडूंच्या हातात परत दिला. दार उघडून धरायला तो स्वतः उठून आला.

कंडक्टरला त्याच्या सीटवर निजवलं. मी मागे बसलो. साडूंनी चावी फिरवली, हात गिअरवर ठेवला आणि थांबले. मला आधी कळेना, गाडी का निघत नाही. मग कळलं. ते दोन भुंकण्यांची वाट पाहत होते. कंडक्टरने डोळे उघडले, शेपटीचं टोक जरासं हललं, पण आवाज निघाला नाही. मी मागून जीपच्या पत्र्यावर दोनदा टकटक केलं. गाडी निघाली.

ऊस आणि कापसाच्या मधून रस्ता जात होता. साडू गाडी इतकी हळू चालवत होते, की बैलगाड्या आम्हाला ओलांडून गेल्या. खड्डे ते असे चुकवत होते जणू पुन्हा मागे बाळंतिणी बसल्या आहेत. एक हात स्टेअरिंगवर, एक डावीकडच्या सीटवर.

बऱ्याच वेळाने मी विचारलं, "काय म्हणाला तो?"

साडूंनी गिअर बदलला.

"तो बी पास झाया."