पडायचे मास्तर

माझे आजोबा दुपारी चारलाच टाकून येतात, अशी आमच्या रस्त्यावर पक्की बातमी आहे. बातमीचा उगम म्हणजे लाँड्रीवाल्या काकू. त्यांचं दुकान बँकेच्या समोर, आणि काचेतून बँकेपुढचा हिरवळीचा पट्टा त्यांना अगदी स्वच्छ दिसतो. काकू कधीच काही सांगत नाहीत, त्यांच्या तोंडून ते फक्त निसटतं. आधी इस्त्री उभी करून ठेवतात, मग दोन्हीकडे बघतात, मग मान पुढे काढून, "मी कशाला बोलू बाई, पण आज परत पडले हो. आणि कसे मऊ मऊ पडले! पिणाराच असा मऊ पडतो. बरं, पडून उठल्यावर काय करावं माणसानं? हसले!" यातलं 'हसले' त्या इतकं लांबवतात की तेवढ्यात एक चादर इस्त्री करून होईल. वर्गात मी काकूंची नक्कल करते तेव्हा मुली आधीपासूनच 'हसले'ची वाट बघत बसतात.

आता खरं काय ते सांगते. आजोबा पीत नाहीत. खोकल्याचं औषध घेतानाही ते असं तोंड करतात की बाटलीला वाईट वाटावं. ते पडतात हे मात्र खरं, आणि मऊ पडतात हेही खरं. तो त्यांचा पेशा होता. आयुष्यभर त्यांनी लोकांना पडायला शिकवलं आणि त्याचा पगार घेतला.

आमच्या बसस्थानकाच्या मागे एक गोल छपराची इमारत आहे. आता तिथे फरशांचं शोरूम आहे, पण पूर्वी तिथे बर्फावरच्या स्केटिंगचा रिंक होता. गिरक्या शिकवायला एक झगमगीत कपड्यांतल्या बाई होत्या, त्यांचा मोठा फोटो दारातच लावलेला असायचा. आजोबांचा फोटो कुठेच नव्हता. ते जाड स्वेटर घालून नवशिक्यांच्या कोपऱ्यात, कठड्याला टेकून उभे असायचे. कोणी पहिल्यांदा स्केट्स बांधून डुगडुगत बर्फावर आलं की आजोबा आडवे यायचे.

"पडता येतं का?"

"अहो, मला पडायचं नाहीये. स्केटिंग शिकायचंय."

"मग आधी पडा. नंतर दिवसभर फिरा, मी विचारायलासुद्धा येणार नाही."

पडण्याची रीत होती. गुडघे वाकवायचे, एका कुशीवर बसल्यासारखं कलायचं, हनुवटी छातीला लावायची, आणि सगळ्यात मुख्य म्हणजे मुठी. पडताना माणूस हात पुढे टाकतो. सगळा भार त्या हातावर आला की मनगट जातं, आणि बर्फावर बोटं पसरली तर मागून येणाऱ्याचं पातं त्यांच्यावरून जातं. म्हणून हात छातीशी आणि मुठी घट्ट मिटलेल्या. कोणाचा तोल जाताना दिसला की आजोबा ओरडायचे, "मुठीऽऽ!" त्यातला 'मु' पोटातून यायचा आणि 'ठी' छपराला लागून परत यायचा. मला ती हाक हुबेहूब येते. आजोबांना फोन करून तीच हाक मारली की ते पलीकडून म्हणतात, "कोण, मी का?"

रिंक बंद झाला तेव्हा मी शाळेतही जात नव्हते, तरी मला तो आठवतो. ओल्या लोकरीचा वास आठवतो. हीटरवर ओळीने वाळत घातलेले हातमोजे, सगळ्यांची बोटं वर, जणू प्रत्येकाला उत्तर येतंय. स्केट्स घालून रबरी चटईवरून चालणाऱ्या मोठ्या माणसांची ती बदकचाल. माझी आयुष्यातली पहिली नक्कल तीच, असं आई सांगते. बर्फ गुळगुळीत करायचं अगडबंब यंत्र निघालं की सगळी पोरं काचेला नाकं चिकटवून उभी राहायची, आणि नंतर काचेवर नाकांचे ठसे राहायचे. गाण्यांची कॅसेट एकच होती. त्यातलं एक गाणं मध्येच अडखळायचं, आणि अख्खा रिंक तेवढ्यापुरतं एक पाऊल चुकवून परत ताल धरायचा. तेच गाणं परवा एका दुकानात लागलं होतं, न अडखळता. आई त्या जागी थबकली आणि मग म्हणाली, "हे चुकीचं वाजवतायत."

मग एका वर्षी थंड करायचं यंत्र बिघडलं. "पार्ट मागवलाय, वाटेत आहे," असं मालक सगळ्यांना सांगायचे. तो पार्ट अजून वाटेतच आहे. बर्फ वितळला त्या दिवशी आजोबा मुद्दाम बघायला गेले होते. ते म्हणतात, खाली सगळ्या गावाच्या हेअरपिना निघाल्या. बटणं, कानातले, कोणाचा तरी दुधाचा दात. त्यातच त्यांना स्वतःच्या स्वेटरचं बटण सापडलं. ते घरी नेऊन त्यांनी आजीच्या हातावर ठेवलं, तर आजी म्हणाली, "बघा, मी म्हटलं नव्हतं? जाऊन जाऊन जाणार कुठे!" आणि तिने ते लगेच शिवून टाकलं.

त्यांच्याकडे पडायला शिकलेले लोक मात्र अजून गावभर आहेत. दातांचे डॉक्टर रस्त्यात भेटले की आधी दोन मुठी छातीशी नेतात, मग बोलायला लागतात. बस चालवणारे एक काका आजोबांना रस्ता ओलांडू देताना स्टीअरिंग सोडून मुठी दाखवतात. मागचे प्रवासी पुढच्या दांड्या घट्ट धरतात. लाँड्रीवाल्या काकू रिंक बंद झाल्यानंतर या गावात आल्या, म्हणून त्यांना यातलं काही ठाऊक नाही. आणि आजोबा रोज चारला बँकेपुढच्या हिरवळीवर पडतात ते सरावासाठी. एक दिवस डावीकडे, एक दिवस उजवीकडे. "हात विसरला तर संपलं," असं म्हणतात.

काकूंच्या तोंडून निसटलेलं एकदा आईच्या कानावर गेलं. आई पोस्टाच्या काउंटरवर बसते, तिथे सगळंच पोचतं. पिण्याचं तिने हसण्यावारी नेलं. पडण्याचं नेलं नाही.

कारण आजी पडली होती. घरात, बाथरूममध्ये. पडताना हात पुढे टाकला, मनगट गेलं आणि पाठोपाठ कमरेचं हाड. मग दवाखाना, आणि तिथून ती परत आलीच नाही. अख्ख्या गावाला पडायला शिकवणाऱ्या माणसाने बायकोला तेवढं शिकवलं नव्हतं. ते कधी विषय काढायचे तर ती म्हणायची, "घरात मास्तरकी नको." तेव्हापासून आई फोन दोनदा वाजेपर्यंत आजोबांनी उचलला नाही की चप्पल घालते.

त्या रविवारी आजोबा आमच्याकडे जेवायला आले होते. आईने ताटं उचलता उचलता सुरुवात केली.

"बाबा, आता तुम्ही इथेच राहायला यायचं. शिवणयंत्राची खोली रिकामी करते."

"आणि यंत्र कुठे जाणार?"

"यंत्राचं मी बघते."

"त्याला विचारलंस का?"

"चेष्टा नको, बाबा. तीन जिने, तुम्ही एकटे, शिवाय रोज जाऊन मुद्दाम पडता. लोक काय काय बोलतात."

"लोक म्हणजे कोण? इस्त्रीच ना?"

"इस्त्री असो नाहीतर कोणी. मला रात्री झोप लागत नाही."

यावर आजोबांनी विनोद केला नाही. त्यांची खोली तिसऱ्या मजल्यावर आहे आणि तिच्या खिडकीतून ते गोल छप्पर दिसतं. रोज सकाळचा चहा ते तिथे उभं राहून पितात. आमच्या शिवणयंत्राच्या खोलीच्या खिडकीतून शेजाऱ्यांची भिंत दिसते, आणि तीही बिनरंगाची. ते एवढंच म्हणाले, "बघू या." मला आजोबांचे सगळे आवाज येतात, पण हा आवाज मी त्यांच्या तोंडून कधी ऐकला नव्हता. नक्कल करावीशीही वाटली नाही.

आईने 'बघू या'चा अर्थ 'हो' असा घेतला आणि संध्याकाळीच आम्हाला फरशा बघायला नेलं. आमच्या बाथरूममध्ये आजोबांसाठी न घसरणाऱ्या फरशा बसवायच्या होत्या. आणि फरशा मिळतात त्या गोल छपराखालीच.

आत सेल्समन होता, टाय मानेपेक्षा मोठा. "ग्रिप बघा मॅडम, ग्रिप! हात फिरवा. हात फिरवा ना!" आई वाकून हात फिरवत होती. आजोबा तिच्यामागे थांबलेच नाहीत. ते सरळ डावीकडच्या कोपऱ्यात गेले, जिथे आता आरशासारख्या चकचकीत फरशा मांडल्या होत्या. तिथे उभं राहून त्यांनी वर छपराकडे बघितलं, मग कठडा असायचा तिकडे. "इथे," ते मला म्हणाले आणि एक पाऊल पुढे टाकलं. कोणीतरी नुकतंच तिथे पुसून घेतलं होतं.

ते मुद्दाम पडले नाहीत, हे मी छातीठोकपणे सांगते. मुद्दाम पडतानाचा त्यांचा चेहरा मला पाठ आहे, हा तो नव्हता. डोळे मोठे झाले, पाय गेला, आणि पुढचं सगळं त्यांच्या शरीराने त्यांना न विचारता केलं. गुडघे, कूस, हनुवटी, मुठी. आवाज झाला तो उशी जमिनीवर टाकल्यासारखा.

"अरे बापरे! मॅडम! साहेब पडले! मॅडम!" सेल्समनचा आवाज एकदम दोन पट्ट्या वर गेला. त्याच वेळी बेसिनच्या रांगेतून एका अनोळखी बाईंचा आवाज आला, "मुठीऽऽ!" आणि पाठोपाठ, "अगं बाई, मी का ओरडले?"

आई धावत येईपर्यंत आजोबा गुडघ्यांवर आले होते, मग एक पाऊल रोवून उभे राहिले आणि पँट झटकून हसले. "फरशी चांगली आहे," ते सेल्समनला म्हणाले, "पण हिला माणसं आवडत नाहीत."

आईच्या चेहऱ्यावर रक्ताचा थेंब नव्हता. "नशीब, बाबा. नशीब थोर म्हणून वाचलात."

"नशीब?" आजोबांचं हसू गेलं. "म्हणजे इतकी वर्षं मी नशिबाचा पगार घेतला?" मग त्यांनी माझ्याकडे बघितलं. ते मला टेप म्हणतात. "ए टेप, इकडे ये. तू कोणाचीही नक्कल करतेस ना? ही कर. आत्ता मी पडलो तशी पड. हात जमिनीला लावायचा नाही. हिला जमलं तर ते नशीब. मी उद्या बोचकं घेऊन येतो आणि त्या यंत्राच्या मांडीला मांडी लावून बसतो. नाही जमलं तर माझी खोली माझी, आणि हा विषय परत नाही. बोल, लावतेस पैज?"

"आणि मी हरले तर मला काय?"

"रोज चारला माझ्याबरोबर बँकेपुढे."

आई माझ्याआधी बोलली. "लाव. ही माझ्या साहेबांची नक्कल साहेबांसमोर करते, पडण्यात काय आहे एवढं?"

मी मुद्दाम हरले असं कोणी म्हणेल, म्हणून सांगून ठेवते. आजोबांना त्या भिंतीकडे बघत बसवायची मला मुळीच इच्छा नव्हती. पण नक्कल म्हटली की मला कोणाचंच भान राहत नाही, आजोबांचंही नाही. मला ती जमायलाच हवी होती. सेल्समन म्हणाला, "चकचकीत मालावर नको, माझी नोकरी जाईल," आणि त्याने एक जाड पायपुसणं आणून अंथरलं. मी स्वेटरच्या बाह्या ओढल्या. आजोबांचा चेहरा केला. डोळे मोठे, पाय पुढे, गुडघे, कूस, हनुवटी. मनात त्यांच्याच आवाजात 'मुठीऽऽ' म्हटलं. मुठी छातीशी होत्या, शेवटपर्यंत होत्या, आणि अगदी शेवटी उजवा हात सुटून पुढे गेला. चट्‌ असा आवाज झाला. पाचही बोटं फरशीवर.

"परत," आई म्हणाली.

परत केलं. परत तेच. तिसऱ्यांदा तर हात आधी गेला आणि मी त्याच्यामागून. तो हात माझ्या ओळखीचाच नव्हता.

मनगट चोळत मी वर बघितलं. आजोबा माझ्याकडे बघत नव्हते, ते आईकडे बघत होते. आई पर्स कोपरात अडकवून उभी होती, हनुवटी खाली, आणि तिच्या दोन्ही मुठी छातीशी घट्ट मिटलेल्या होत्या. मी पडत होते आणि ती माझ्याबरोबर नीट पडत होती. आजोबांची नजर दिसली तेव्हा तिने खाली स्वतःच्या हातांकडे बघितलं. मग बोटं एकेक करून उघडली, त्याच बोटांनी पर्स सावरली आणि सेल्समनकडे वळली.

"ती खरखरीतच द्या. आणि तिसऱ्या मजल्यावर पोचवाल ना? लिफ्ट नाहीये."

आजोबांनी माझ्यासमोर हात धरला, मी उठावं म्हणून, आणि मी तो धरणार तेवढ्यात मागे घेतला. "असं नाही. आधी गुडघ्यावर ये."

तेव्हापासून मी शाळेतून थेट बँकेपुढे जाते. एक दिवस डावीकडे, एक दिवस उजवीकडे. आजोबा आधी पडतात, मग मी. हात अजून पुढे जातो, पण आता जरा लाजत जातो. समोरच्या काचेमागे इस्त्री उभी राहते, मान पुढे येते, आणि गिऱ्हाईक कोणीही असो, ओठ वाचूनच मला कळतं: "मी कशाला बोलू बाई, पण आता नातीलाही लावली. आणि उठून काय करावं तिनं? हसलीऽऽ!"