पावणेआठच्या सिस्टर

त्यांची ड्युटी आठची, पण त्या यायच्या पावणेआठला. कामणच्या बाजूच्या एका खेड्यातून त्या वसईतल्या आमच्या हॉस्पिटलात यायच्या. एस.टी. बेभरवशाची, म्हणून त्या आधीचीच गाडी धरायच्या. नव्वदच्या दशकाचा शेवट होता तो. मी नुकतीच चंदनसारला राहायला आलेली, नवी नर्स. सगळं हॉस्पिटल त्यांना ‘पावणेआठच्या सिस्टर’ म्हणायचं. त्यांचं खरं नाव मला पगाराच्या रजिस्टरात दिसलं, तेव्हा ही कोण बाई, असंच मला वाटलं.

ड्युटी बदलताना जाणाऱ्या नर्सने येणारीला पेशंट सोपवायचे, त्याला आम्ही ‘ओव्हर देणं’ म्हणतो. आम्ही ओव्हर द्यायचो टेबलापाशी उभ्या राहून, कागद वाचून, एक डोळा घड्याळाकडे ठेवून. सिस्टरांना ते चालायचं नाही. “कागद ऱ्हाऊ दे. खाटेपाशी चल,” म्हणायच्या आणि बारा तास उभ्या राहिलेल्या आम्हाला पुन्हा एकेका खाटेपाशी फिरवायच्या. पेशंटच्या तळपायाला हात लावायच्या आणि त्यालाच विचारायच्या, “झोप लागली का? काय खाल्लं?” आमचा जीव वैतागून जायचा. मनातल्या मनात मी त्यांना काय काय म्हटलंय, ते इथे लिहिण्यासारखं नाही.

सिस्टरांचा नवरा लवकर गेलेला. एकुलती एक मुलगी आजीपाशी वाढत होती. सिस्टर निघायच्या तेव्हा ती झोपलेली, परतायच्या तेव्हाही झोपलेली. आठवड्याची सुट्टी कधी मंगळवारी, कधी गुरुवारी, म्हणजे पोर शाळेत. मुलगी केवढी झाली, असं मी एकदा विचारलं. आपण जमिनीपासून हात वर धरून दाखवतो ना, तसं त्यांनी केलं नाही. दोन्ही हात आडवे पसरले आणि म्हणाल्या, “एवढी. आता पाय गोधडीबाहेर येतात.” मी हसले. त्या हसल्या नाहीत.

त्यांना एकच गोष्ट हवी होती. ओपीडीची ड्युटी. सोमवार ते शुक्रवार नऊ ते पाच, शनिवारी अर्धा दिवस, रविवार हक्काचा. मुलगी शाळेत आहे तोवर रोज संध्याकाळी तिच्यासोबत जेवायचं, बस्स. दर सहा महिन्यांनी त्या अर्ज द्यायच्या आणि दर वेळी ड्युट्या लावणाऱ्या मेट्रन गोड बोलून तो बाजूला ठेवायच्या, “तुमच्याशिवाय वॉर्ड कसा चालेल, सिस्टर?” हे कौतुक होतं म्हणे! मला ते आठवलं की आजही तळपायाची आग मस्तकात जाते.

मग ओपीडीत एक जागा रिकामी झाली. त्याच आठवड्यात मी एक पराक्रम केला. सकाळी ऑपरेशनला घ्यायच्या आजोबांना रात्रीपासून उपाशी ठेवलं होतं. त्यांनी केविलवाणं तोंड करून चहा मागितला, आणि मी चांगला कपभर चहा आणि दोन बिस्किटं दिली. कागदावर काही लिहिलं नाही, कारण चूक केली हेच मला कळलं नव्हतं. पावणेआठला सिस्टरांनी आजोबांना नेहमीचा प्रश्न विचारला. आजोबा खूश होऊन म्हणाले, “बिस्किटं जरा मऊ पडली होती.” ऑपरेशन पुढे ढकललं. सिस्टरांनी विचारलं नसतं तर काय झालं असतं, ते आठवून मी जिन्यात बसून रडले. मेट्रन कडाडल्या, “तू वॉर्डात नकोच! उद्यापासून ओपीडीत बस.”

म्हणजे शिक्षा म्हणून मला नऊ ते पाच मिळालं. ज्यांनी माझी चूक पकडली, त्या राहिल्या वॉर्डात. मी मेट्रनकडे जाऊन म्हटलं, ही जागा सिस्टरांना द्या. तर उत्तर आलं, “आणि तुला वॉर्डात? कुणाकुणाला चहा पाजशील?”

एकदा जेवायच्या सुट्टीत मी वैतागून बोलून गेले, “सिस्टर, तुम्हीही एकदा चुका की!” दोन दिवस त्या माझ्याशी बोलल्या नाहीत. नंतर स्वतःच सांगितलं. एके सकाळी त्या खरोखर गेटसमोरच्या चहाच्या टपरीवर थांबल्या होत्या. सव्वाआठला आत जायचं ठरवून. “पन सहा नंबरची सलाईन संपत आली असंल, असं सारखं वाटाय लागलं. नाय जमलं गं.” आठला पाच कमी असताना त्या धावत वॉर्डात गेल्या. मेट्रननी त्यांच्या कपाळाला हात लावला आणि ताप आहे का, म्हणून विचारलं.

शेवटी गुडघ्यांनी दगा दिला, तेव्हा त्यांना ओपीडी मिळाली. माझ्या शेजारची खुर्ची. त्याच जूनमध्ये मुलगी नर्सिंग शिकायला मुंबईला होस्टेलवर गेली. आजी आदल्या वर्षीच वारली होती. “साडेसहाला घरात असते आता,” एकदा डबा उघडता उघडता त्या म्हणाल्या. “तांदूळ दोघींचा काढते, नि मग आठवतं.” त्यांच्या हक्काच्या खुर्चीत मी सहा वर्षं बसले होते.

आता त्या निवृत्त झाल्या आहेत आणि ड्युटी मी लावते. परवा वॉर्डातली सगळ्यात हुशार मुलगी ओपीडीसाठी अर्ज घेऊन आली. “अगं, तुझ्याशिवाय वॉर्ड...” एवढं मी बोलूनही गेले. मग जीभ चावली आणि विचारलं, “तुझा मुलगा केवढा झाला?”

तिने दोन्ही हात आडवे पसरले.

मी तिथल्या तिथे सही केली. वॉर्डाचं काय करायचं, ते मला अजून सुचलेलं नाही.