अनवाणी पायाचं माप

लेकरांनो, या दिवाळीत गावी आलो की जीप आम्हीच चालवणार, असं तुम्ही परवा फोनवर बजावलंत. म्हणून आधीच सांगून ठेवते, चपला काढून बसावं लागेल. का, ते वाचा.

आजोबांचा डावा गुडघा वाकेनासा झाला, त्याच सुमारास जीपचं जुनं पेट्रोल इंजिनही गेलं. जीप भंगारात दिली असती, तर पुसेगावच्या शेतावर त्यांचं जाणंच संपलं असतं. एसटीच्या पायऱ्या त्यांना चढवत नव्हत्या. गाडी मला येत होती. म्हणून आम्ही जीप सेनगावच्या मिस्त्रीकडे ओढत नेली आणि दुसऱ्या गाडीचं डिझेल इंजिन बसवायला सांगितलं.

ते इंजिन निघालं रुंद. स्टिअरिंगचा दांडा त्याला घासू लागला. मिस्त्रीने दांड्यात एक सांधा घालून तो उजवीकडे वळवून घेतला, तसं स्टिअरिंग एकीकडे आणि पेडलं दुसरीकडे अशी गत झाली.

"आता पेडलं बी हलवावी लागतेत," तो म्हणाला. "बसा मालक, माप घेतो."

"मी न्हाई, ही चालवणार. मी बाजूला बसून चुका काढणार."

"ते तर घरीही करता," मी म्हटलं.

मिस्त्री हसला. "मंग तुमी बसा, बाई."

नव्या इंजिनापुढे नुकताच नारळ फोडला होता, स्टिअरिंगला हळदकुंकू लावलं होतं. पूजेच्या गाडीत चपलांनी कसं चढायचं? मी त्या खाली काढल्या. कुणालाच त्यात वावगं वाटलं नाही. पूजेला उभा असलेला मिस्त्रीही अनवाणीच होता. त्याने माझा पाय पुढेमागे करून पाहिला, खडूने खुणा केल्या आणि पेडलं पक्की वेल्ड केली.

दुसऱ्या दिवशी मिस्त्रीकडून जीप घेऊन चपला घालून निघाले, तर पाय उचलला की गुडघा स्टिअरिंगला लागे आणि चपलेची कड शेजारच्या पेडलला अडके. गल्लीच्या तोंडावरूनच परत फिरलो. मिस्त्रीने कपाळाला हात लावला.

"पूजेच्या नादात अनवाणी माप घेतलं की! थांबा, पुन्हा कापतो."

"काहून कापतो?" आजोबा म्हणाले. "चपला काढल्या की झालं. चल गं, तुरीला फुलं आली असतील."

तो दिवस आणि त्यानंतरचे शेतावरचे कितीतरी दिवस त्यांना मिळाले, ते त्या मिस्त्रीमुळे. उन्हाळ्यात पेडलं पायांना चटके देतात, तरी त्याचं नाव मी चांगल्या मनानेच घेते.

जीपचा रंग उडालाय, इंजिन आता फार आवाज करतं. पेडलं मात्र अजून त्याच जागी आहेत, आणि आजोबा अजून बाजूला बसून चुका काढतात.